स्फटिक मिठाच्या पाण्यात ठेवाचे का?

"स्फटिक रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, शुद्ध होतात" असा मेसेज कित्येक वर्षांपासून फिरून राह्यला. गारगोटीले पाण्यानं काही होत नाही हे खरं, पण सगळेच स्फटिक गारगोटी नसतात न भाऊ, आपल्याकडे विहीर खोदताना काळ्या खडकातून जे चमकदार गोटे निघतात त्यात कॅल्साइट, झिओलाइट असे गारगोटीपेक्षा नरम खनिजही असते, अन् भेगांत शिरलेलं मीठ वाळताना कडा उडवू शकते. सेलेनाइट (जिप्समचा पारदर्शक स्फटिक) तं पाण्यात हळूहळू विरघळते, पायराइट (सोन्यासारखं चमकणारं लोखंड-गंधकाचं खनिज) खराब होते.

ओळखाचं कसं? गोट्याच्या मागच्या बाजूले नख ओढा, ओरखडा पडला तं सेलेनाइटसारखा नरम. तुटक्या कपच्यावर लिंबाचा थेंब टाका, बुडबुडे आले तं बहुतेक कॅल्साइट. लोखंडी खिळ्यानंही ओरखडा नाही, तं गारगोटी असण्याची शक्यता जास्त, ते साध्या पाण्यानं धुवा. बाकीचे कोरड्या नरम ब्रशनं झाडा अन् एकेक वेगळा सुती कपड्यात गुंडाळा, जांभळा असला तं उन्हात नका ठेवू, रंग उडते.