टिटलिस झालं म्हणून युंगफ्राउयोख झालं असं होत नाही

स्वित्झर्लंडची टूर करून आलेल्यांच्या फोनमध्ये टिटलिसचं बर्फाळ शिखर असतंच. गोल फिरणारी केबल कार, बर्फातली लोळालोळी, शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो. त्याबद्दल नव्याने काय सांगणार?

पण "टिटलिस केलंय ना, मग ते युंगफ्राउ कशाला? बर्फ इथूनतिथून सारखाच," हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि कुणी "आम्ही युंगफ्राउ शिखरावर जाऊन आलो" म्हणालं, की त्याहून जास्त.

शिखर ४,१५८ मीटरवर आहे, तिथे गिर्यारोहकच जातात. रेल्वे थांबते ३,४५४ मीटरवर, युंगफ्राउ आणि शेजारचं म्योंख या शिखरांमधल्या खिंडीत. ती खिंड म्हणजे युंगफ्राउयोख. आडोल्फ गुयेर-त्सेलर या उद्योगपतीला खरं तर शिखराच्या पोटापर्यंत बोगदा आणि पुढे लिफ्ट हवी होती. काम १८९६ मध्ये सुरू झालं, १८९९ मध्ये तो वारला, खर्च हाताबाहेर गेला आणि १९१२ मध्ये गाडी खिंडीपर्यंतच पोचली. जाहिरातीत मात्र 'युरोपचा माथा'! शेजारचं शिखरच सातशे मीटरने जास्त उंच असताना?

खिंड असण्यातच तिथली खरी मजा आहे. तिथल्या स्फिंक्स या वेधशाळेच्या गच्चीवर उभं राहा. दक्षिणेला अलेत्श, आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी, वीसेक किलोमीटर लांब. उत्तरेला खाली हिरवी खोरी. अलेत्शचं पाणी ऱ्होनमधून भूमध्य समुद्राला जातं, उत्तरेकडचं ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला. आपल्या घाटमाथ्यावर पावसाचे दोन वाटे होतात, तसंच. टिटलिसवर हिमनदी आहे, पण हा पसारा नाही.

"अर्धा प्रवास बोगद्यातच गेला" ही तक्रारही नेहमीची. नऊ किलोमीटरच्या मार्गात सातेक किलोमीटर बोगदा आहेच, आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून. म्हणून तर बोगद्यातल्या आइसमेअर स्थानकात गाडी पाच मिनिटं थांबते. काचेपलीकडे अगदी जवळ फुटलेला, निळसर भेगांचा बर्फ दिसतो. आपली मंडळी तेवढ्यात स्वच्छतागृहाची रांग धरतात.

लहान मुलं असतील, हाती अर्धाच दिवस असेल, तर लुत्सर्नहून टिटलिस गाठा. एरवी माझं मत युंगफ्राउयोखलाच. फक्त सकाळी वरचा वेबकॅम बघूनच तिकीट काढा, ते स्वस्त नाही. पडद्यावर नुसतं पांढरं दिसत असेल, तर खालच्या खोऱ्यातल्या लाउटरब्रुनेन गावात उतरून श्टाउबबाख धबधबा बघा, तो फुकट आहे.