पंगतीत कोणी किती भात खाल्ला?

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं. पण त्या शिताने भात शिजलाय की नाही एवढंच कळतं. पंगतीत कोणी किती भात ओढला, ते कळत नाही. इंटरनेटचे मोठे राउटर सांभाळणाऱ्यांना नेमका हा दुसरा प्रश्न पडलेला असतो.

तुम्ही व्हिडिओ लावला की त्याची हजारो पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, राउटरमधून जातात. पाठवणारा आणि घेणारा यांचे आयपी पत्ते, दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक (यंत्रातल्या कुठल्या प्रोग्रॅमचं पॅकेट ते सांगणारे) आणि प्रोटोकॉल (बोलण्याची ठरलेली पद्धत) या पाच गोष्टी ज्या पॅकेटांच्या सारख्या, त्यांचा मिळून एक ‘फ्लो’. कोणत्या फ्लोने किती बाइट नेले याचा हिशेब बिलासाठी लागतो, नवी लाइन कुठे टाकायची ते ठरवायला लागतो, हल्ला ओळखायलाही लागतो.

मग प्रत्येक फ्लोच्या नावाने वहीत एक ओळ उघडली की झालं! पण १० गिगाबिटच्या लाइनवर ४० बाइटची पॅकेटं एकामागून एक आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३२ नॅनोसेकंद येतात. साध्या मेमरीतली एखादी ओळ शोधून वाचायलाच साधारण ५० नॅनोसेकंद जातात. जलद मेमरी असते, पण ती महाग आणि म्हणून थोडी. लाखो फ्लो तिच्यात मावत नाहीत.

यावरचा जुना तोडगा म्हणजे हजारातलं एकच पॅकेट बघायचं आणि आलेल्या आकड्याला हजाराने गुणायचं. राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या नेटफ्लो या हिशेबाच्या यंत्रणेत अशी सोय आहे. एक लाख पॅकेटांच्या फ्लोमधली शंभरेक हाती लागतात, त्यात दहाएक इकडेतिकडे. म्हणजे सुमारे १० टक्के चूक. दहाच पॅकेटांचा फ्लो मात्र ९९ टक्के वेळा दिसतच नाही, आणि चुकून एक पॅकेट सापडलं तर दहाचे हजार होतात. एवढ्यावर कोणाला बिल पाठवायचं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

२००२ साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या क्रिस्टियन एस्टन आणि जॉर्ज व्हर्गीस यांनी प्रश्नच बदलला. (व्हर्गीस आपल्या पवईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी.) सगळ्यांचा हिशेब हवाय कशाला? नेटवर्कवाल्यांच्या बोलीत मोठे फ्लो म्हणजे हत्ती आणि छोटे म्हणजे उंदीर. हत्ती मूठभर असतात, पण बहुतेक भार तेच नेतात. तेवढे नीट मोजा.

त्यांची एक युक्ती म्हणजे ‘सॅम्पल अँड होल्ड’. नमुना म्हणून एखाद्या पॅकेटाची चिठ्ठी निघाली की त्याच्या फ्लोची ओळ उघडायची. इथवर जुनंच. पण एकदा ओळ उघडली की त्या फ्लोचं पुढचं एकही पॅकेट सोडायचं नाही, सगळं मोजायचं. वाढप्याने एखाद्याला दुसऱ्यांदा भात मागताना पाहिलं की पुढे त्याच्या पानावरची नजर हलवायचीच नाही, तसं.

आकडे घेऊन पाहू. सेकंदाला १० कोटी बाइटची लाइन आहे आणि त्यातले १ टक्का, म्हणजे १० लाख बाइट नेणारा तो हत्ती. ५०,००० बाइटना एक या दराने चिठ्ठी काढली, तर सेकंदाला सरासरी २,००० ओळींच्या वर जागा लागत नाही. त्या जलद मेमरीत आरामात बसतात. हत्ती निसटण्याची शक्यता किती? अब्जात दोन. पकडला जाईपर्यंतचे बाइट हिशेबातून सुटतात, ते सरासरी ५०,०००, म्हणजे हत्तीच्या ५ टक्के. आणि ही चूक नेहमी कमी मोजण्याचीच असते, जास्तीची कधीच नाही. ग्राहकाने तक्रार करावी असं त्यात काही उरत नाही.

मला यातलं सर्वांत आवडतं ते मेमरीचं गणित. जागा चौपट केली तर साध्या नमुन्यातली चूक निम्मी होते. इथे ती चौथाईवर येते. फुकट मात्र नाही: हजारातलं एक पॅकेट बघणारा बाकीच्या वेळी निवांत असतो, इथे प्रत्येक पॅकेटाला वही चाळावी लागते.

हत्तींची ही शिकार फसते ती उंदरांची झुंड आली की. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, सुटला आणि दहा मिनिटांत बहुतेक कमकुवत सर्व्हर त्याने गाठले. अख्खा वर्म ४०४ बाइटच्या एकाच पॅकेटात मावत होता, आणि प्रत्येक पॅकेट वाटेल त्या नव्या पत्त्यावर. म्हणजे प्रत्येक पॅकेट हा नवा फ्लो, नवा उंदीर. फ्लोची वही ठेवणाऱ्याच्या ओळी भराभर संपणार, आणि हत्ती शोधणाऱ्याला काहीच दिसणार नाही. पण फ्लोची व्याख्या काही दगडावर कोरलेली नाही. पाच गोष्टींचा आग्रह सोडून फक्त घेणाऱ्याचा पोर्ट क्रमांक पाहिला, तर त्या सगळ्या उंदरांची पॅकेटं एकाच ओळीत जमा होतात, १४३४ क्रमांकाच्या. आणि तो उंदीर नसतो.