एकदाच उघडलेली बॅग: क्रूझ पर्यटकांच्या आवडीनिवडींची पार्श्वभूमी

क्रूझवर जाऊन आलेल्या माणसाला काय आवडले असे विचारले, तर उत्तरे साधारणपणे ठरलेली असतात. जेवण, समुद्र, रात्रीचे कार्यक्रम आणि वाटेत लागलेली बंदरे यांचा उल्लेख हमखास होतो. थोडे अधिक खोदून विचारले की एक साधीशी गोष्ट बाहेर येते: सगळ्या सहलीत बॅग एकदाच उघडावी लागली. दहा दिवसांत सहा शहरे पाहायची, तर जमिनीवरून जाताना सहा हॉटेले, सहा वेळा सामान आवरणे, पहाटे बससाठी खाली उतरणे आणि दर ठिकाणी खोली दुपारनंतरच मिळेल हे ऐकून घेणे आले. बोटीवर कपडे एकदा कपाटात लावले की शहरेच आळीपाळीने दारापाशी येतात. प्रवासी क्रूझमध्ये सर्वांत जास्त मोल देतो ते या निश्चिंतीला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रवाशाच्या डोक्यावरचे नेमके कोणते ओझे उतरवायचे, हे मात्र गेल्या पावणेदोनशे वर्षांत सतत बदलत गेले आहे.

मुळात समुद्रप्रवास हेच एक ओझे होते. पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, म्हणजेच पी. अँड ओ. कंपनी, १८३७ साली टपाल वाहण्याच्या कंत्राटावर उभी राहिली. १८४४ मध्ये तिने साउथॅम्प्टनहून भूमध्य समुद्रातल्या सहलींची जाहिरात केली आणि त्यांचे वर्णन छापून यावे म्हणून कादंबरीकार थॅकरे यांना फुकट नेले. लेखकाला मोफत तिकीट देऊन प्रसिद्धी मिळवण्याची युक्ती एवढी जुनी आहे. परंतु जाहिरात कितीही मोहक असली तरी बोट हलायची ती हलायचीच. मराठीत 'बोट लागली' या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. बोट धक्क्याला लागते ती सुटकेची घटका आणि बोट माणसाला लागते ती शिक्षा. पोलादनिर्मितीच्या पद्धतीमुळे प्रसिद्ध झालेले हेन्री बेसेमर यांना बोट इतकी लागत असे, की त्यांनी समुद्र हलला तरी स्थिर राहील असा झुलता दिवाणखाना असलेले जहाजच बांधून घेतले. १८७५ च्या मे महिन्यात ते जहाज फ्रान्समधल्या कॅले बंदराच्या धक्क्यावर आदळले आणि तो प्रयोग तिथेच संपला. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंखांसारखी पाती बसवून डोलणे कमी करण्याची यंत्रणा मोठ्या प्रवासी जहाजावर आली ती १९५० मध्ये, पी. अँड ओ.च्या 'चुसान' या जहाजावर. हे जहाज मुंबई व त्यापलीकडच्या पूर्वेकडील मार्गासाठी बांधलेले होते. आजच्या पर्यटकाला क्रूझच्या जेवणाचे एवढे कौतुक करता येते, त्यामागे पाण्याखालच्या या न दिसणाऱ्या पात्यांचा मोठा वाटा आहे.

दुसरे ओझे उष्म्याचे होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर इंग्लंड आणि मुंबई यांच्यातले अंतर कमी झाले, पण तांबडा समुद्र टळला नाही. वातानुकूलन नसलेल्या केबिनमध्ये झोपणे अशक्य होई आणि प्रवासी गाद्या घेऊन डेकवर येत. केबिन सावलीच्या बाजूची असणे ही त्या काळातली चैन होती. आपण सर्रास वापरतो तो 'पॉश' हा शब्द, जाताना डावी बाजू आणि येताना उजवी बाजू अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून याच मार्गावर जन्मला, अशी गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते. ती अक्षरे छापलेले एकही तिकीट सापडलेले नाही आणि कोशकार ती व्युत्पत्ती मानत नाहीत. तरीही ती गोष्ट टिकून राहिली, कारण चांगली खोली मिळवण्याची तेव्हाची धडपड तिच्यात अचूक पकडली आहे.

सहलीसाठीच सहल ही कल्पना रुजवण्याचे श्रेय हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिन यांना दिले जाते. त्यांच्या कंपनीची जहाजे उत्तर अटलांटिकवर चालत आणि हिवाळ्यात त्या खवळलेल्या समुद्रात जाण्यास प्रवासी राजी नसल्याने ती रिकामी पडून राहत. २२ जानेवारी १८९१ रोजी बालिन यांनी 'आउगुस्टा विक्टोरिया' हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राकडे धाडले आणि ते स्वतः पत्नीसह त्या प्रवासाला गेले. सुमारे दोन महिन्यांची ही सहल यशस्वी झाली. रिकामी जहाजे भरण्याच्या गरजेतून हा सारा व्यवसाय उभा राहिला, ही गोष्ट नंतरच्या इतिहासातही पुन्हा पुन्हा दिसते. नेहमीच्या जहाजांवर वर्गभेद पक्का होता, खालच्या मजल्यांवर स्थलांतरितांची दाटी असे आणि वरच्या प्रवाशालाही मोकळा डेक बेताचाच मिळे. म्हणून बालिन यांनी १९०० साली केवळ सहलींसाठी 'प्रिन्सेसिन विक्टोरिया लुईझ' हे जहाज बांधून घेतले. त्यात फक्त पहिल्या वर्गाच्या खोल्या, ग्रंथालय, व्यायामशाळा आणि हौशी छायाचित्रकारांसाठी काळोखी खोलीसुद्धा होती. १९०६ च्या डिसेंबरमध्ये ते जमैकाजवळ खडकावर चढले. प्रवासी सुखरूप उतरले, परंतु कप्तानाने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

आपल्याकडच्या प्रवाशाला मात्र या सगळ्याहून वेगळी चिंता होती आणि ती ताटातली होती. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या तरुण मोहनदास गांधींनी आपल्या आत्मकथेत तिचे वर्णन केले आहे. काटे-चमचे कसे धरायचे ते ठाऊक नाही, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडस नाही, त्यामुळे ते भोजनगृहाकडे न फिरकता केबिनमध्ये बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे खात राहिले. समुद्र ओलांडल्याबद्दल जातीने बहिष्कार घातला होता, तो निवळावा म्हणून परत आल्यावर बंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान करविले. आज भारतीय प्रवासी क्रूझ निवडताना पहिला प्रश्न शाकाहारी किंवा जैन जेवण मिळेल का, असा विचारतात, तेव्हा परदेशी कंपन्यांना त्याचे नवल वाटते. त्या केबिनमधला मिठाईचा डबा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वाटणार नाही.

ताट वाढणारा हातही बहुधा आपल्याच किनाऱ्यावरचा असे. पी. अँड ओ.च्या बोटींवर भोजनगृह आणि मुदपाकखाना सांभाळणारे नोकर मोठ्या संख्येने गोव्याचे होते. गावोगावच्या मंडळींनी मुंबईत धोबीतलाव परिसरात 'कूड' नावाची वसतिगृहे चालवली. बोट मिळेपर्यंत तिथे पथारी टाकायची, एका रांगेत मांडलेल्या पेट्यांत आपले सामान ठेवायचे आणि संध्याकाळी वेदीसमोर सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणायची, असा तिथला रिवाज होता. क्रूझवर प्रवासी ज्या 'आपुलकीच्या सेवे'ची तारीफ करतात, तिचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या अशा घरांमधून झाले आहे. आजही जगभरच्या क्रूझ जहाजांवर गोवेकर मोठ्या संख्येने भेटतात. प्रवाशाची निश्चिंती बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कुणाच्या तरी पायांवर टिकलेली असते, हे क्रूझच्या माहितीपत्रकात छापलेले नसते.

खरी उलथापालथ १९५८ साली झाली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅन ॲम या अमेरिकी विमानकंपनीचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला नियमित जाऊ लागले आणि त्याच वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्यांत विमानाचे प्रवासी बोटीच्या प्रवाशांहून अधिक ठरले. पोहोचण्यासाठी बोटीची गरजच संपली. भली मोठी जहाजे निरुपयोगी झाली. १९६२ मध्ये सेवेत आलेले 'फ्रान्स' हे जहाज १९७४ मध्येच सेवेतून काढून उभे करून ठेवावे लागले. या पडझडीतून मार्ग काढला तो मायामीमध्ये. १९६६ च्या डिसेंबरमध्ये उद्योजक टेड ॲरिसन आणि नॉर्वेचे क्नुट क्लोस्टर यांनी 'सनवर्ड' या जहाजावरून बहामाच्या तीन-चार दिवसांच्या सहली सुरू केल्या. मूळचे हे जहाज इंग्लंड-जिब्राल्टर मार्गासाठी बांधलेले होते; पण स्पेनने जिब्राल्टरची नाकेबंदी आवळल्यामुळे ते मोकळे पडले होते. पुन्हा तेच, रिकामे जहाज भरणे.

पुढे दोघांचे बिनसले आणि ॲरिसन यांनी १९७२ मध्ये 'कार्निव्हल' कंपनी काढली. तिचे पहिले जहाज 'मार्डी ग्रा' पहिल्याच फेरीत, पर्यटन एजंट पाहुणे म्हणून बोटीवर असताना, मायामीबाहेर वाळूत रुतले. यापेक्षा वाईट उद्घाटन कल्पिणे कठीण आहे. त्यातच इंधनाचे भाव भडकले. जहाज जुने आणि इंधन महाग, म्हणून वेग कमी ठेवला गेला, बंदरे कमी झाली आणि प्रवासी अधिक काळ बोटीवरच राहू लागले. तेव्हा कंपनीने ही अडचणच विकायला काढली. बोटीवर संगीत, जुगारखाना आणि दिवसभराचे खेळ वाढवून तिने आपल्या जहाजांना 'फन शिप' असे नाव दिले. कुठे जातो यापेक्षा बोटीवर काय करतो याला महत्त्व आले, ते असे नाइलाजातून. प्रवाशांनी आधी मागणी केली आणि मग कंपन्यांनी ती पुरवली, असा समज असल्यास तो या प्रसंगापुरता तरी बाजूला ठेवावा लागतो.

एकदा बोट हेच ठिकाण ठरल्यावर बाकीचे बदल वेगाने होत गेले. १९७७ मध्ये 'नॉर्वेजियन कॅरिबियन लाइन'ने बहामातले ग्रेट स्टिरप के हे बेट खास आपल्या प्रवाशांसाठी वापरायला घेतले. बंदरावर गेल्यावर फेरीवाले आणि रिक्षावाले गाठतात, हे ओझेही उतरले. १९८४ च्या 'रॉयल प्रिन्सेस'मध्ये सर्व केबिन बाहेरच्या बाजूच्या होत्या आणि पुढील दशकात स्वतंत्र सज्जा ही चैन न राहता सर्वसाधारण अपेक्षा बनली. १९९९ च्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज'वर बर्फावरच्या स्केटिंगचे मैदान आले. २००० मध्ये ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर, ठरलेल्या पोशाखात जेवण्याचा दंडक एका कंपनीने मोडला आणि इतरांना मागोमाग जावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे २,४८,००० टनांचे असून त्यात साडेसात हजारांपर्यंत प्रवासी मावतात. आजी-आजोबा, मुले आणि नातवंडे यांना प्रत्येकाला आपापले काहीतरी सापडावे आणि तरीही रात्री सगळे एका छताखाली असावेत, ही सोय एकत्र कुटुंबाची सवय असलेल्या आपल्या लोकांना विशेष पटते.

एक गोष्ट प्रवासी आवडींच्या यादीत सहसा सांगत नाहीत, कारण तिला ते गृहीत धरतात. सुरक्षितता ही ती गोष्ट. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. कोकणाला हा विषय परका नाही: १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडून ३२ जण दगावले, आणि त्यानंतर बोट बंदर सोडण्यापूर्वीच आपत्कालीन सराव घेण्याचा आग्रह धरला जाऊ लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर ७१२ जणांना करोनाची लागण झाली, तेव्हा बंद डब्यासारखी वाटणारी तीच केबिन अनेकांना घरी बसून दिसली. बिनखिडकीची खोली स्वस्त पडते म्हणून घेणारे त्यानंतर दोनदा विचार करू लागले असावेत. एवढे होऊनही २०२३ मध्ये क्रूझ प्रवाशांची जागतिक संख्या ३ कोटींच्या वर गेली आणि २०१९ चा आकडा मागे पडला.

मुंबईत हा प्रवास उलट दिशेने झाला. कोकणच्या बोटी गरजेच्या होत्या. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करीत पणजीला जाई. कित्येक ठिकाणी धक्का नसल्याने बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव, म्हणजे किनाऱ्यावरून येणाऱ्या होड्या, तिच्या अंगाला लागत. वरून बोचकी, ट्रंका, कोंबड्या आणि पोरे एकामागून एक खाली दिली जात. डेकवर चटई अंथरून, लिंबू हुंगत रात्र काढणाऱ्या चाकरमान्याला निश्चिंती हा शब्द परवडणारा नव्हता. रस्ते सुधारले, बोटी गेल्या आणि नंतर कोकण रेल्वे आली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये 'आंग्रिया' या बोटीने मुंबई-गोवा मार्ग पुन्हा सुरू केला, तो मात्र सहल म्हणून. सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट मुंबईहून निघू लागली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा गोदीत आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले.

या 'एम्प्रेस'ची जन्मकथा इथे सांगण्याजोगी आहे. १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने ती सेवेत आली ती खास तीन-चार रात्रींच्या सहलींसाठी, मायामी ते बहामा या पट्ट्यात. आठवडाअखेरीस कामातून सुटून थोडे मोकळे व्हावे, पण रजा मात्र टाकावी लागू नये, अशा नोकरदाराचे गणित तिच्या बांधणीतच होते. तीस वर्षांनी तेच गणित मुंबईच्या नोकरदारालाही जुळले. गोव्याकडे निघालेल्या तिच्या प्रवाशांना डाव्या हाताला रत्नागिरी, देवगड, मालवण लागते, पण तिथे ती थांबत नाही आणि कोणताही पडाव तिच्याकडे येत नाही.