गेंतिआन: हरलेल्या राजाचं नाव मुलांना कसं मिळालं?

अल्बेनियाच्या दोन हजार लेकच्या नोटेवर एक राजा आहे आणि पन्नास लेकच्या नाण्यावरही तोच आहे. लॅटिन ग्रंथ त्याला गेंतिउस म्हणतात, अल्बेनियन माणूस गेंत किंवा गेंती म्हणतो. हेच नाव मुलांना ठेवलं जातं आणि त्याचं लांब रूप म्हणजे गेंतिआन. मुलगी असेल तर गेंतिआना. अल्बेनियनमध्ये यातला 'ग' आपल्या गणपतीतलाच, 'ज' नाही. गेंत आणि गेंती यांत फरक फक्त प्रत्ययाचा. इंग्रजी नामाच्या आधी जे 'द' लावते, ते अल्बेनियन शब्दाच्या शेवटी चिकटवते.

हे नाव दुर्मीळ म्हणून ओळखलं जातं. कानाला ते प्राचीन वाटतं आणि कागदोपत्री ते आहेही. पण बावीसशे वर्षं घराघरातून चालत आलेलं नाव म्हणून त्याच्याकडे पाहिलं तर फसगत होते. जिवंत माणसांचं नाव म्हणून त्याचं वय शंभर वर्षांच्या आसपास आहे. मधल्या काळात ते माणसांत नव्हतं, एका झाडाच्या मुळीत होतं.

आधी राजा. इ.स.पू. १८० च्या सुमारास गेंतिउस इलिरियन लोकांच्या, म्हणजे पश्चिम बाल्कनमधल्या एका प्राचीन समाजाच्या, राज्याच्या गादीवर आला. राजधानी स्कोद्रा, म्हणजे आजच्या उत्तर अल्बेनियातलं श्कोदर. तळ्याकाठी, नद्यांच्या संगमावरचा किल्ला असल्यामुळे जागा भक्कम होती. एड्रियाटिक समुद्रात या लोकांच्या हलक्या, वेगवान होड्या लूटमार करत, आणि त्याच्या तक्रारी रोमपर्यंत जात. पोलिबिअस आणि लिव्ही हे दोघेही इतिहासकार गेंतिउसला दारुडा आणि क्रूर ठरवतात. एका दार्दानियन राजकन्येशी भावाचं लग्न ठरलं होतं. गेंतिउसने भावालाच मारलं आणि तिच्याशी स्वतः लग्न केलं, असं ते सांगतात. हे सगळं जिंकणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेलं आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावं.

त्याचं राज्य गेलं ते एका सौद्यात. मॅसिडोनियाचा राजा पर्सिअस रोमशी लढत होता आणि त्याला मित्र हवा होता. तीनशे टॅलेंट (हे त्या काळचं वजनाचं माप) चांदीवर बोलणी पक्की झाली. पर्सिअसने दहा टॅलेंट पुढे पाठवले, उरलेल्या रकमेवर इलिरियन दूतांची मोहर उठवून घेतली, आणि वाहून नेणाऱ्यांना सावकाश चालायला सांगितलं. इकडे इसार पोचल्याच्या आनंदात गेंतिउसने दोन रोमन वकिलांना हेर म्हणून कैद केलं. ही बातमी कळताच पर्सिअसने चांदी वाटेतूनच माघारी बोलावली. गेंतिउस आता रोमशी वैर करून बसलाच होता, मग पैसे कशाला द्यायचे! चिक्कूपणात पर्सिअसचा हात धरणारा कुणी नसावा, पण त्याने मित्रही घालवला आणि पुढे स्वतःचं राज्यही.

इ.स.पू. १६८ मध्ये लुसिउस अनिकिउस गालुस हा रोमन सेनापती चालून आला. तीस दिवसांत सगळं आटोपलं. युद्ध सुरू झाल्याची खबर रोमला पोचण्याआधी ते संपलेलं होतं, असं हे एकच युद्ध, अशी नोंद लिव्हीने केली आहे. गेंतिउस शरण गेला. पुढल्या वर्षी रोमच्या विजयमिरवणुकीत त्याला बायको, मुलं आणि भावासह चालवलं, आणि मग इटलीतल्या इगुविउम गावी, म्हणजे आजच्या गुब्बिओत, नजरकैदेत ठेवलं. इलिरियाचा हा शेवटचा राजा.

अशा राजाचं नाव सहसा पुसलं जातं. याचं टिकलं, आणि त्याचं श्रेय वैद्यांना आहे. इ.स.च्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी आणि ग्रीक वैद्य डायोस्कोरिडिस या दोघांनीही लिहून ठेवलं की डोंगरात उगवणाऱ्या एका कडूजहर मुळीचा शोध इलिरियाच्या गेंतिउस राजाने लावला, म्हणून तिला जेन्शियाना म्हणतात. राजाने खरंच मुळ्या उकरल्या असतील का, हा प्रश्न सोडून देऊ. राजांच्या नावावर असे शोध जमा होतच असत. पण त्या एका वाक्यामुळे हे नाव दीड हजारांहून अधिक वर्षं युरोपच्या औषधी ग्रंथांत फिरत राहिलं, आणि १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने त्या वनस्पतींच्या गटाला (जीनस) अधिकृतपणे तेच नाव दिलं.

राजाच्या नावाची मानली जाणारी मूळ जात म्हणजे जेन्शियाना लुतेया. आल्प्सपासून बाल्कनच्या डोंगरांपर्यंत वाढणारं, कमरेएवढं उंच, पिवळ्या फुलांचं झाड. भूक लागावी, पचन व्हावं म्हणून याची मुळी शतकानुशतकं वापरात आहे. जेवणाआधी घ्यायच्या कडू युरोपीय मद्यांतही ती असते. कडूपणाचं एक कारण अमारोजेंटिन हे द्रव्य. निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत कडू पदार्थांत ते मोजलं जातं. आपल्याकडे तापावर ज्याचा काढा गळ्याखाली उतरवावा लागे ते काडेचिराईतही याच कुळातलं, आणि त्यातही हेच द्रव्य आहे. जखमेवर लावायचं जांभळं जेन्शियन व्हायलेटसुद्धा अनेकांना आठवत असेल. त्याचा मात्र या मुळीशी संबंध नाही. तो कारखान्यात बनणारा रंग, जेन्शियनच्या निळ्याजांभळ्या जातींच्या फुलांवरून त्याला नाव पडलं इतकंच. बाल्कनमध्ये मुळ्या इतक्या खणल्या गेल्या की झाडच कमी झालं. अल्बेनियातही ते धोक्यात आलेल्या वनस्पतींत आहे.

नावाचा अर्थ काय, याचं सरळ उत्तर नाही. काही अभ्यासक 'जन्मणे' या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूकडे बोट दाखवतात. लॅटिनमधला 'गेन्स' म्हणजे कुळ आणि संस्कृतातला 'जन' हे त्याच धातूचे. तसं असेल तर गेंतिउस म्हणजे कुळातला, वंशाचा. पण इथे एक मजेदार अडचण येते. या धातूच्या आरंभी जो मूळ ध्वनी होता, त्याचा अल्बेनियनमध्ये 'ध'च्या जवळ जाणारा घर्षक उच्चार झाला. संस्कृत 'जम्भ', म्हणजे दात किंवा जबडा, याचं अल्बेनियन भावंड 'धम्ब' असं काहीसं उच्चारलं जातं. मग अल्बेनियन ही, तिथे मानतात तशी, थेट इलिरियनची लेक असेल, तर राजाच्या नावात 'ग' कसा उरला? इलिरियन भाषेची सलग वाक्यं आपल्यापर्यंत आलेलीच नाहीत. आहेत ती माणसांची आणि गावांची नावं व ग्रीक-लॅटिन लेखकांनी टिपलेले मोजके शब्द, तेही परक्यांनी आपल्या कानाने ऐकून लिहिलेले. त्यामुळे हा वाद मिटण्यासारखा नाही. ज्या देशाने हे नाव राष्ट्राच्या वंशावळीचा दाखला म्हणून मिरवलं, त्याच नावावर विद्वान त्या वंशावळीबद्दल शंका काढतात. आईबाप अर्थातच यातलं काही पाहत नाहीत. त्यांच्या दृष्टीने अर्थ एवढाच: राजाचं नाव, आणि रानातल्या औषधी फुलाचं.

मधल्या शतकांत अल्बेनियन घरांत हे नाव वापरात असल्याचा पुरावा नाही. ऑटोमन अंमल पंधराव्या शतकापासून १९१२ पर्यंत चालला. मुसलमान घरांत मेहमेत, हसन, अली. ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक घरांत संतांची नावं. जोडीला ल्युआन म्हणजे सिंह, बार्ध म्हणजे गोरा अशी देशी नावं. फ्रान्समध्ये मात्र जेंतिआनुस नावाचा एक हुतात्मा संत होऊन गेला, आमिएनच्या परिसरात त्याला मानतात, आणि त्याच्यावरून जेंतिएं हे नाव तिकडे थोडंफार चाललं. त्याचा अल्बेनियन मुलांशी काही संबंध नाही. दोन्ही नावं दिसायला सारखी, वाटा वेगळ्या.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. १८५४ मध्ये योहान गेओर्ग फोन हान या ऑस्ट्रियन मुत्सद्द्याने अल्बेनियन लोकांच्या प्राचीनत्वाची मांडणी केली. १८७८ मध्ये आजच्या कोसोवोतल्या प्रिझ्रेन गावी अल्बेनियन पुढाऱ्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय जागृतीला धार आली. तीन धर्मांत विभागलेल्या समाजाला एक धागा हवा होता. मशीद, चर्च या दोन्हींपेक्षा जुनी अशी एकच गोष्ट हाताशी होती, ती म्हणजे इलिरिया. इलिर, अग्रोन, बार्धुल, तेउता अशी नावं सुशिक्षित घरांत दिसू लागली. गेंत त्यातलंच.

तरी ही नावं गावोगाव पोचवली ती कम्युनिस्टांनी. १९६७ मध्ये एन्वर होजाच्या राजवटीने धर्माचरणावरच बंदी घातली. १९७२ मध्ये राजधानी तिरानात इलिरियन अभ्यासाची मोठी परिषद झाली. १९७५ मध्ये फर्मान निघालं: राज्याच्या राजकीय, वैचारिक आणि नैतिक कसोटीला न उतरणारी नावं बदला. अर्थात सगळा रोख धार्मिक नावांवर होता. पर्याय म्हणून यादी होती, आणि १९८२ मध्ये माणसांच्या नावांचा एक कोशच प्रसिद्ध झाला. या धोरणातली गंमत अशी की स्वतःच्या झोग राजाला देशात पाय ठेवू न देणारी राजवट दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांची नावं आनंदाने वाटत होती. मेलेला राजा निरुपद्रवी असतो, शिवाय त्याला धर्मही नव्हता, निदान मोजावा असा. पक्षावर फारच प्रेम असलेल्या काहींनी मुलांना मारेन्ग्लेन नाव दिलं, मार्क्स, एंगेल्स आणि लेनिन यांची आद्याक्षरं जोडून. त्या मानाने गेंतिआन हा सुटकेचा मार्ग होता. अधिकारी खूश, आजीलाही उच्चारायला सोपं, आणि मोठेपणी मुलाला लाज वाटायचं कारण नाही. हे नाव रुजलं ते याच समतोलामुळे, असं मला वाटतं.

कोसोवोत, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या अल्बेनियनबहुल प्रांतात, सक्ती नव्हती, उलट दबाव युगोस्लाव्ह सत्तेचा होता. तिथे इलिरियन नाव ठेवणं ही आपण कोण हे सांगण्याची रीत झाली. २०१९-२० मध्ये अल्बेनियाचं परराष्ट्र खातं सांभाळणारे गेंत त्साकाय मूळचे कोसोवोचेच.

तेव्हा दुर्मीळ म्हणजे कुठे आणि कधी, हे पाहावं लागतं. तिरानात किंवा कोसोवोची राजधानी प्रिश्तिनात चाळिशी-पन्नाशीतला गेंतिआन भेटणं नवलाचं नाही. अल्बेनियन जगाबाहेर मात्र तो जवळपास नाहीच, आणि आता पाळण्यातही तो पूर्वीइतका दिसत नाही. १९९१ नंतर लाखो लोक देश सोडून गेले. ग्रीसमध्ये काम मिळावं म्हणून अनेकांनी यॉर्गोस, कोस्तास अशी नावं लावली. ज्या पिढीला सरकारने इलिरियन नावं दिली होती, तिने पोटासाठी ती खुंटीला टांगली. आज अल्बेनियात नोएल, जोएल, आरोन अशी नावं पुढे आहेत, आणि त्यामागे भक्तीपेक्षा पासपोर्टचा विचार जास्त असावा. जर्मनीत आणि जर्मन बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये गेंतिआनचा 'ग' शाबूत राहतो. इटली आणि इंग्लंडमध्ये शाळेच्या पहिल्याच हजेरीत त्याचा 'ज' होतो, आणि इंग्रज शिक्षकाला तर मुलाऐवजी झाड आठवतं. आरोनच्या आईबापांना ही कटकट नाही.