शाळा समिती व मुख्याध्यापकपद (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त खासगी शाळेचा कारभार पाहणारे, संस्थेच्या व्यवस्थापनाने घडवलेले मंडळ म्हणजे शाळा समिती. मुख्याध्यापक हा या समितीचा पदसिद्ध सचिव आणि त्याच संस्थेचा पगारी सेवक असतो. नावाने जवळची वाटणारी ‘शाळा व्यवस्थापन समिती’ निराळी. ती २००९ च्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाने आली आणि तिच्यात पालकांचे बहुमत असते. बोलण्यात दोहोंची सर्रास गल्लत होते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पहिलीचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : समितीने शाळा चालवण्याची पद्धत मुंबई इलाख्यात नेमकी कोठून आली, याचा शोध दोन दिशांनी घेता येतो. पहिली दिशा सरकारी मंडळांची. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये सरकारनियुक्त सदस्यांबरोबर बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या बाजूचे एतद्देशीय सदस्यही होते. जगन्नाथ शंकरशेट त्यांपैकी एक. चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर, १८५५ मध्ये, बोर्डाची जागा शिक्षण खात्याने घेतली आणि खासगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य झाले. अनुदान म्हटले की हिशेब आला, आणि हिशेब म्हटला की खात्याला उत्तर देणारी कोणी तरी ‘कमिटी’ लागणार. १८६० नंतरच्या दशकात लोकल फंडातून, म्हणजे स्थानिक करातून, चाललेल्या शाळांनाही स्थानिक समित्या जोडल्या गेल्याचे दिसते. मात्र त्यांचे अधिकार देखरेखीपलीकडे फारसे गेले नसावेत.

दुसरी दिशा खासगी प्रयत्नांची. पुण्यात १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले ते विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांच्या पुढाकाराने. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाल्यावर कारभाराची घडी बसली. शिकवणारे आजीव सदस्य हेच संस्थेचे चालक, आणि त्यांच्यावर प्रतिष्ठितांचे नियामक मंडळ. आजीव सदस्याने अल्प वेतनावर सुमारे वीस वर्षे सेवा करावयाची असे. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले, त्या वादाच्या मुळाशी आजीव सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, हा प्रश्नही होता. म्हणजे वाद कारभाराच्या रचनेचा होता. तो केवळ स्वभावांचा होता असे मानणे अपुरे ठरते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतील आजीव सेवकांची परंपरा याच कुळातली म्हणता येईल, जरी तिचा सामाजिक पाया अगदी वेगळा होता.

या दोहोंपैकी आजच्या शाळा समितीचे कायदेशीर रूप पहिल्या, म्हणजे अनुदानाच्या वाटेने आले असावे, असे मानण्यास अधिक आधार आहे. शिक्षकच चालक असण्याची कल्पना काही संस्थांच्या घटनांपुरती राहिली. कायद्यात तिचा अवशेष म्हणून समितीवरील शिक्षक-प्रतिनिधीकडे फार तर बोट दाखवता येईल.

कायदेशीर चौकट : बहुतेक शिक्षणसंस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. त्यामुळे अध्यक्ष, कार्यवाह किंवा चिटणीस कोण, हा प्रश्न धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ‘बदल अर्जा’च्या, म्हणजे नोंदीतील पदाधिकारी बदलण्यासाठीच्या अर्जाच्या, रूपाने जातो, तर मुख्याध्यापक कोण, हा प्रश्न शिक्षणाधिकाऱ्यांकडे. दोन गटांत भांडण लागलेल्या संस्थेत दोन्ही प्रश्न एकाच वेळी पेटतात. बदल अर्ज प्रलंबित असताना नेमणूक करणारे ‘व्यवस्थापन’ कोणते, हेच मग ठरत नाही.

सेवाशर्तींचे नियमन १९८१ पूर्वी मुख्यतः माध्यमिक शाळा संहितेने होत असे. ही संहिता प्रशासकीय सूचनांच्या स्वरूपाची होती. तिला कायद्याचे बळ नव्हते. ही उणीव महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याने भरून काढली. अधिनियम व त्याखालील नियम १९८१ च्या जुलैपासून अंमलात आले. शाळांतून (इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून) ‘एमईपीएस’ म्हणतात ते हेच.

नियमांच्या अनुसूचीत शाळा समितीची घटना दिली आहे. व्यवस्थापनाने नेमलेले प्रतिनिधी, ज्येष्ठतेनुसार आळीपाळीने येणारा कायम कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी आणि सचिव म्हणून मुख्याध्यापक असे तिचे स्वरूप. अधिकारांची वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका शाळा समितीने करावयाच्या. पण मुख्याध्यापक व उपमुख्याध्यापक यांच्या नाहीत, त्या व्यवस्थापनाच्या हातात. तीन महिन्यांपर्यंतच्या रजेच्या जागेवर मुख्याध्यापक नेमणूक करू शकतो, तेही समितीने तसा अधिकार दिला असेल तर. २०१७ पासून अनुदानित शाळांतील शिक्षकभरती अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टल यांच्या मार्गे होऊ लागल्याने समितीच्या नेमणुकीच्या अधिकाराचा बराचसा आशय आटला आहे. मुख्याध्यापकपद मात्र पदोन्नतीचे असल्याने त्या वाटेने भरले जात नाही.

मुख्याध्यापकाची निवड : माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाने पदवी व बी.एड. (किंवा समकक्ष) ही अर्हता धारण केलेली असावी. पदवीनंतर पूर्णवेळ अध्यापनाचा एकूण किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि त्यांपैकी किमान दोन वर्षे बी.एड. नंतरची हवीत. अशा पात्र शिक्षकांतून, सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेला सर्वांत ज्येष्ठ शिक्षक नेमावा, असा नियम आहे. संस्थेच्या अनेक शाळा असतील तर ज्येष्ठता सर्व शाळांत मिळून पाहिली जाते. रात्रशाळा या गणनेतून बाहेर. ज्येष्ठ शिक्षकाला आपला हक्क सोडता येतो, परंतु तो लेखी सोडावा लागतो आणि त्याची शिक्षणाधिकाऱ्यांकडून खातरजमा व्हावी लागते. ही तरतूद दबावाखाली घेतलेल्या नकारपत्रांवर उतारा म्हणून आली असावी.

‘ज्येष्ठ’ कोण, हे नियमांच्या ‘फ’ अनुसूचीवरून ठरते, आणि पुष्कळसे वाद तेथेच उभे राहतात. अनुसूचीत माध्यमिक शिक्षकांचे प्रवर्ग उतरत्या क्रमाने दिले आहेत. वरच्या प्रवर्गातील शिक्षक खालच्या प्रवर्गातील शिक्षकापेक्षा ज्येष्ठ, मग नोकरीला कोणीही आधी लागलेला असो. ‘क’ प्रवर्गात पदवीधर बी.एड. शिक्षक येतात, त्याच प्रवर्गात पदवी व डी.एड. मिळवून त्यानंतर दहा वर्षे सेवा झालेले शिक्षकही येतात. पदवीधर डी.एड. शिक्षकाची दहा वर्षे भरेपर्यंत त्याची जागा खालच्या प्रवर्गात असते. परिणामी, डी.एड. अर्हतेवर आधी लागलेला शिक्षक मागाहून आलेल्या बी.एड. शिक्षकाच्या मागे पडू शकतो, कारण दुसरा रुजू झाल्या दिवसापासून ‘क’ मध्ये असतो. एकाच प्रवर्गात नेमणुकीची तारीखही एकच असेल, तर वयाने मोठा तो ज्येष्ठ.

येथे ज्येष्ठता आणि पात्रता या दोन कसोट्या वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. दहा वर्षांच्या सेवेमुळे ‘क’ मध्ये आलेला डी.एड. पदवीधर यादीत वर असू शकतो. पण मुख्याध्यापकपदासाठी लागणारे बी.एड. त्याच्याकडे नसेल, तर यादीतील स्थान त्याला त्या खुर्चीपर्यंत नेत नाही. नोकरीत असताना बी.एड. केलेल्या शिक्षकाची ज्येष्ठता मूळ नेमणुकीपासून धरावी की प्रवर्गात प्रवेश केल्यापासून, यावर उच्च न्यायालयात पुष्कळ प्रकरणे गेली. अनुसूचीची रचना पाहता प्रवर्गातील प्रवेशाची तारीख निर्णायक मानणे अधिक सुसंगत दिसते. पात्रतेची ही दुसरी पायरी सोडून केवळ सेवाज्येष्ठतेची यादी भिंतीवर लावणाऱ्या शाळा पुढच्या तंट्याची तरतूद स्वतःच करून ठेवतात.

डावलले गेलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. बडतर्फी, सेवेतून काढणे व पदावनती यांच्या जोडीने, पदोन्नतीत डावलणे हेही अपिलाचे कारण म्हणून अधिनियमात स्पष्ट दिले आहे. निकाल लागेपर्यंत शाळा चालवण्यासाठी शिक्षणाधिकारी एखाद्या शिक्षकाला ‘स्वाक्षरीचे अधिकार’ देतात. वेतनदेयकावर सही झाल्याशिवाय कोणाचाच पगार निघत नाही, म्हणून ही तात्पुरती व्यवस्था कधी कधी वर्षानुवर्षे चालते आणि ‘प्रभारी’ हा शब्द निवृत्तीपर्यंत नावामागे राहतो.

अल्पसंख्याक शाळांना येथे मोकळीक आहे. मुख्याध्यापकाची आणि व्यवस्थापनाने कळवलेल्या आणखी कमाल तीन व्यक्तींची भरती अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० (१) मधील हक्काचा हा भाग असल्याचे मानले जाते; आपल्या पसंतीचा प्रमुख निवडण्याचा अल्पसंख्याक संस्थांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला आहे.

विभागीय चौकशी : मुख्याध्यापकावरील चौकशी समितीची घडण इतर कर्मचाऱ्यांहून निराळी असते. तिच्यात व्यवस्थापनाचा अध्यक्ष, मुख्याध्यापकाने निवडलेला खासगी शाळेतील एक कर्मचारी आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांच्या नामिकेतील (यादीतील) एक असे तिघे बसतात. इतर कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तिसरा सदस्य पुरस्कारप्राप्त शिक्षकांतून येतो.

इतर पदे : उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक ही पदे विद्यार्थी व तुकड्यांच्या संख्येवर अवलंबून असून संच मान्यतेत, म्हणजे शिक्षण खात्याने शाळेला दिलेल्या पदांच्या मंजुरीत, मंजूर व्हावी लागतात. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल तर प्रमुखास प्राचार्य म्हणतात.

शाळा व्यवस्थापन समिती : विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत २००९ च्या अधिनियमाच्या कलम २१ नुसार ही समिती असावी लागते. किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. महाराष्ट्रात सदस्य-सचिव वगळून बारा ते सोळा सदस्य असतात; अध्यक्ष पालकांतून, सचिव मुख्याध्यापक. जिल्हा परिषद शाळांत तिने जुन्या ग्राम शिक्षण समितीची जागा घेतली. शाळा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र अल्पसंख्याक शाळा व अनुदानित शाळा यांतील समितीचे कार्य केवळ सल्लागार स्वरूपाचे ठरवले. त्यामुळे अनुदानित खासगी शाळेत निर्णय शाळा समितीचा आणि सल्ला व्यवस्थापन समितीचा अशी विभागणी झाली, व सचिव दोन्हीकडे मुख्याध्यापकच.

जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक परिषदेचा सेवक असतो. त्याच्या वर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी व शिक्षणाधिकारी (प्राथमिक) अशी उतरंड. २००९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीत १५० हून अधिक, तर सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असतील तेथे मुख्याध्यापक द्यावयाचा असतो. लहान शाळांत वर्ग सांभाळणारा शिक्षकच कार्यभार पाहतो.

पालक-शिक्षक संघ : महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ याने खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आवश्यक केला. त्याच्या कार्यकारी समितीचा अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालक आणि सचिव शिक्षक असतो. शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापन या समितीपुढे मांडते.