दशमांश गल्ल्यावर नव्हे, नफ्यावर

दशमांश म्हणजे देवाला द्यायचा दहावा हिस्सा. तो एकूण विक्रीच्या १० टक्केच द्यायचा, असा समज अनेक ख्रिस्ती दुकानदारांत पक्का बसला आहे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, त्याला आधार नाही. त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले वचन १४:२२ शेताच्या उत्पन्नाबद्दल बोलते, ‘लेवीय’ या पुस्तकातले २७:३२ काठीखालून जाणाऱ्या दर दहाव्या जनावराबद्दल. दोन्हीकडे मोजले जाते ते मालकाचे स्वतःचे. हातातून नुसता फिरलेला पैसा नव्हे.

एक किराणा दुकान धरा. जीएसटी वगळून महिन्याची विक्री ३,००,००० रुपये, विकलेल्या मालाची खरेदी २,४०,०००, भाडे-पगार-वीज ३५,०००. उरले २५,०००. विक्रीवरचा दशमांश होतो ३०,०००, म्हणजे नफ्याहून जास्त! वरचे ५,००० घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीतून किंवा नोकराच्या पगारातून जातात. मजुरी सूर्यास्तापूर्वी द्या, असे अनुवाद २४:१५ स्पष्ट बजावते. दुसऱ्याचे देणे थकवून भरलेले दान हे दान कसले? नफ्यावर दशमांश येतो २,५०० रुपये.

नफा मात्र प्रामाणिकपणे काढा. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा शेवटचा साठा, ही मालाची किंमत. शिल्लक माल न मोजल्यास आकडा हमखास चुकतो. कर्जाचे व्याज खर्चात धरा, मुद्दल नाही. घरखर्च, मुलांची फी दुकानाच्या खर्चात घालून नफा शून्यावर आणणे ही उलट्या बाजूची लबाडी.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, विश्वासणाऱ्यांना टक्का ठरवून दिलेला नाही. २ करिंथ ९:७ मनात ठरवल्याप्रमाणे द्यायला सांगते. जास्त द्यायचे तर जरूर द्या, पण आपल्या वाट्यातून. तोट्याच्या महिन्यात कर्ज काढून देऊ नका. वर्षअखेरीस ताळेबंद झाल्यावर फरक भरा.