डायनोसॉरच्या हाडात मेड्युलरी बोन, म्हणजे अंडी घालणाऱ्या मादीच्या हाडात धरणारा खास थर, सापडलं तर सांगाडा मादीचा. नाही सापडलं तर?

मोर-लांडोर, सिंह-सिंहीण, कोंबडा-कोंबडी यांत कुणी चुकत नाही, तेव्हा ते सोडून देऊ. फक्त एवढंच, की पिसारा, आयाळ, तुरा यांतलं काहीही हाडात नाही. डायनोसॉरची आपल्या हाती येतात ती बहुतेक नुसती हाडंच.

मग सुरू होतं ‘मोठा तो नर’. कशावरून? ससाण्यात मादी मोठी असते. टी. रेक्स या मांसाहारी डायनोसॉरचे तर दणकट आणि सडपातळ असे दोन गट पाडून दणकट त्या माद्या, असंही सांगून झालंय. हाडं जाड-बारीक असण्यामागे वय असू शकतं, नाहीतर जातच वेगळी असू शकते. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या ‘सू’ या टी. रेक्सचं नाव १९९०मध्ये तो सांगाडा शोधणाऱ्या सू हेंड्रिक्सन यांच्यावरून पडलं. नाव बाईचं, म्हणून सांगाडा मादीचा? मग ‘ती घार’ म्हणतो म्हणून घारींत नरच नसतात म्हणा की!

खरी गफलत पुढे आहे. पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज. पक्ष्याची मादी अंडी घालायला आली की तिच्या हाडांच्या पोकळीत आतून एक वेगळा, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर धरतो: मेड्युलरी बोन. अंड्याच्या कवचासाठी केलेली ही कॅल्शियमची साठवण. विणीचा काळ सरला की थर विरघळून जातो. २००५मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांना अमेरिकेतल्या मोंटानातल्या एका टी. रेक्सच्या मांडीच्या हाडात असाच थर दिसला. काही आजारांतही तसलं हाड वाढतं, म्हणून शंका निघाल्या. २०१६मध्ये रासायनिक तपासणीनेही मादीच्याच बाजूने कौल दिला.

इथवर ठीक. पण लोक लगेच उलटं वाचतात: थर नाही, म्हणजे नर. अहो, कोंबडीचं हाड अंडी घालायच्या दिवसांत कापलं तर थर दिसेल, एरवी नाही. मग एरवी ती कोंबडा होते का? थर नसलेला सांगाडा नराचा असेल, वयात न आलेल्या मादीचा असेल, किंवा विणीचा हंगाम नसताना मेलेल्या मादीचा. त्याच्या पाटीवर ‘लिंग अज्ञात’ एवढंच लिहावं.

अंड्यांचंही तेच. चीनमधल्या जिआंगशीत ओव्हिरॅप्टोरोसॉर या पक्ष्यासारख्या डायनोसॉरच्या एका सांगाड्यात कमरेच्या हाडांत कवचासकट दोन अंडी सापडली. ती मादीच, वादच नाही. शेजारी बिनअंड्यांचा सांगाडा निघाला असता, तर त्याला तिचा नवरा ठरवून मोकळे झाले असते.